बट्टीत गेलेलं बियाणं

आमच्या वावराच्या बांधावर पत्र्याची एक पाटी अजून उभी आहे. तिच्यावर आमच्या सासऱ्यांचं नाव, गव्हाच्या नव्या वाणाचं नाव आणि वर ठळक अक्षरात 'पीक प्रात्यक्षिक' असं लिहिलेलं होतं. आता रंग उडालाय, एक कोपरा वाकलाय, येणाऱ्या-जाणाऱ्या बकऱ्या तिला अंग घासतात. पण पडत काही नाही मेली. सरकारच्या अनुदानातून आमच्या घरात जे काही आलं, त्यातली टिकलेली वस्तू ही एवढीच. काय गेलं, ते मात्र त्या पाटीवर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी सांगते.

माझं माहेर धरणगावकडचं. तिकडे जिकडे बघावं तिकडे कापूस, त्यामुळे गहू म्हणजे दुकानातून आणायचा आणि दळायचा एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन दोंडाईच्याच्या पलीकडच्या या गावात आले, तर इथे गव्हाचं केवढं कौतुक! सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, सासऱ्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही तसंच म्हणू लागले. पहिल्याच दिवशी अक्कांनी मला सैंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि तिथली मातीची कोठी दाखवली. कमरेएवढी उंच, तोंडावर झाकण आणि झाकणाच्या कडेनं शेणामातीनं पक्कं लिंपलेलं.

"हाई कोठी मनी शे," त्या म्हणाल्या. "हिले हात लावानं नही."

मला राग आला. म्हटलं, आल्या आल्या हे काय, मी काय चोरी करायला आले का? पण पुढं वर्षभर राहिले तेव्हा समजलं, तिला आबासुद्धा हात लावत नसत.

त्या कोठीत बन्सी होता. बन्सी म्हणजे आमच्या इकडचा जुना गहू, पिवळसर, टणक दाण्याचा. त्याला पाणी द्यावं लागत नाही. काळ्या जमिनीत पावसाची जी ओल उरते, तेवढ्यावर आणि थंडीच्या दवावर तो उभा राहतो. येतो थोडाच, पण येतो. आमच्या विहिरीचं पाणी माघ लागला की तळाला जातं, त्यामुळे असा गहू असणं म्हणजे घराला आधारच होता.

बियाणं धरायची अक्कांची एक रीत होती. पीक पिकून वाळायला आलं की कापणीच्या आधी त्या एकट्या वावरात शिरायच्या. पदराची ओटी करायच्या आणि चालता चालता एकेक ओंबी खुडून ओटीत टाकायच्या. कुठलीही नाही, निवडून. मी एकदा मागे मागे गेले आणि मला चांगली वाटली ती भरघोस ओंबी खुडून दिली. अक्कांनी ती बघितली आणि सरळ फेकून दिली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, ती बांधाकडची शे, तिला बांधाचं खत लागलंय, माजलेली आहे. बी घ्यायचं ते वावराच्या मधल्याचं, जिथं उपाशी राहून पिकलंय त्याचं. त्या ओंब्या मळणीयंत्रात जायच्या नाहीत. अक्का स्वतः मोगरीनं बडवायच्या, पाखडायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळायच्या आणि कोठीत भरून तोंड लिंपून टाकायच्या. ते लिंपण फुटायचं थेट पेरणीच्या दिवशी, हळदीकुंकू वाहून.

आणि एक होतं. या घरची लेक सासरी जाताना तिची ओटी याच कोठीतल्या गव्हानं भरायची. अक्कांच्या सासूनं अक्कांच्या नणंदांची भरली, अक्कांनी माझ्या नणंदेची भरली. माझ्या लेकीचीही भरणार असं त्या तिच्या पाळण्यापासून म्हणत होत्या. पोरगी अजून बोलायलाही लागली नव्हती, पण अक्कांचं ठरलेलं होतं.

मग एका दिवाळीच्या आधी कृषी सहायक गावात आला. पोरसवदा, आमच्या ह्यांच्यापेक्षाही लहान, पण सरकारी म्हणून सगळे साहेबच म्हणायचे. स्वभावानं वाईट नव्हता, खोटं कशाला सांगू. ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाला, गव्हाची योजना आलीय, बियाणं अनुदानावर, खत सोबत, फवारणीचं औषध आणि पंपही सोबत. आबांचं क्षेत्र रस्त्याला लागून आहे, दिसायला चांगलं, प्रात्यक्षिकाला एक नंबर. फक्त सगळं सलग पाहिजे. मध्ये किंवा शेजारी दुसरा गहू नको, मळणीत भेसळ होते आणि वरून तपासणीला आले की आमची पंचाईत होते.

आबा हरखून गेले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारचा माणूस त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या वावराला चांगलं म्हणत होता. आमचे हे तर आबांच्याही पुढे. त्यांनी मोबाईल काढून आधार, अंगठा, ओटीपी काय काय तिथल्या तिथं उरकलं.

"आते बठ्ठं वावर स्कीममा," आबा म्हणाले. "सरकार बियानं दी राहिनं, खत दी राहिनं, आखो काय पाहिजे?"

अक्का आतून म्हणाल्या, "आनि मना गहू कोठे पेरसूत?"

"एक साल कोठीमा राहिना ते काय सडी जाई का?"

ते खरंच होतं. नीट ठेवलेला बन्सी एक वर्ष सोडून दुसऱ्या वर्षीही उगवतो. त्या मला नंतर म्हणाल्या, एक वर्ष घेऊ दे त्यांना हौस करून, पुढल्या वर्षी मी माझं बी पेरीन. कोठी बंद आहे तोवर काही बिघडत नाही. मलाही तेव्हा ते पटलं.

आणि गहू आला बाई! खोटं बोलून काय करू? विहिरीला त्या वर्षी पाणी होतं, खत फुकटचं होतं, वावर असं हिरवंगार दिसायचं की एसटीतले लोक वाकून बघायचे. बांधावर पाटी लागली. आबा रोज संध्याकाळी उगाच तिथवर जाऊन यायचे, पाटी पुसायचे. मी हसायचे आणि अक्का नाक मुरडायच्या, पण घरात आनंदच होता.

फाल्गुनात कृषी सहायक म्हणाला, तुमच्या वावरात शेतीदिन घेऊ. मोठे साहेब येतील, आसपासच्या गावातले शेतकरी येतील, गहू बघतील, दोन शब्द बोलतील. पंचवीस-तीस माणसं होतील. जेवणाचं काही करू नका, फक्त चहा ठेवा. आता सांगा, खान्देशात कुणी दारात आलेल्या पाव्हण्याला चहावर धाडतं का? आबांनी मिशीला पीळ देऊन सांगून टाकलं, "वरण-बट्टी करतो साहेब. आमच्या घरच्या बन्सीची बट्टी खाऊन बघा, मग बोला."

झालं! बन्सीची म्हणे!

सरकारच्या गव्हाचा सोहळा, तो गहू वावरात उभा, आणि जेवायला बन्सी. आबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांना चांगला गहू म्हटलं की तोच आठवणार ना! पण त्या वर्षी बन्सी पेरलाच नव्हता, आणि आदल्या वर्षीचा खाण्याचा गहू संक्रांतीलाच संपला होता. घरात होता तो रेशनचा. त्याची बट्टी करता येते, येत नाही असं नाही, पण चिवट होते, तुपात तळली तरी तोंडात लाकूड चावल्यासारखी लागते. बन्सीची बट्टी रवाळ, हातानं फोडली की भुगा होतो आणि वरण पिऊन घेते.

आबांनी अक्कांना सांगितलं, कोठी फोड. अक्का म्हणाल्या, नाही. दोन दिवस घरात हेच चाललं. मी अक्कांच्या बाजूनं होते. मी ह्यांना स्वच्छ सांगितलं, पोळ्या करू, रेशनच्या गव्हाच्या करू, त्यात कसली लाज आलीय? तर हे म्हणाले, तू तिकडची, तुला यातलं काय कळतं. असा संताप आला! दहा वर्षं या घरात भांडी घासली, तरी मी तिकडचीच.

पण शेवटी कोठी फोडली ती अक्कांनीच. हे मला आजही उमगत नाही आणि उमगतंही. आबांच्या रागापुढं त्या वाकल्या नाहीत. त्या वाकल्या पाव्हण्यापुढं. सकाळी उठून मला म्हणाल्या, "रेशनना गहूनी बट्टी लोकले वाढसू? तोंड काय दखाडसू?" सगळा जन्म ज्या बाईनं दारातून कुणाला साधा वरण-भात खाऊन जाऊ दिलं नाही, तिला ते जमणारच नव्हतं. दुसऱ्या कुठल्या मुलखातली असती तर बियाणं वाचलं असतं.

पण सगळा खायला नाही काढला. आधी पायलीभर गहू वेगळा मोजून काढला, राखेसकट एका पत्र्याच्या डब्यात भरला आणि डबा देवळीत ठेवला. मला, ह्यांना, आबांना, तिघांनाही उभं करून सांगितलं, "हाऊ गहू पेराना शे. खावाना नही. याले कोनी हात लावानं नही." पायलीभर गव्हाचं फार काही होत नाही, पण एक तुकडा पेरला की पुढच्या वर्षी दोन तुकड्यांचं बी होतं, चार वर्षांत वावर भरतं. त्यांनी तो हिशेब मनात केलेला होता. बाकीचा गहू धुऊन, वाळवून जाडसर दळून आणला.

शेतीदिनाला पंचवीस-तीस माणसं येणार होती ना? दोन गाड्या भरून आली, शिवाय मोटारसायकली वेगळ्या, शिवाय आपलं गाव. घरासमोर फुकटचा मंडप आणि वरण-बट्टीचा वास, मग कोण घरी बसतं! मोठे साहेब उशिरा आले. तोवर पहिली पंगत उठलीसुद्धा होती. घरामागे आम्ही चार बाया चुलीवर. मी कणीक मळतेय, दोघी गोळे उकडताहेत, एकजण कापून तुपात सोडतेय. वांग्याची भाजी घोटून घोटून माझे हात भरून आले होते. आणि तिकडे वावरात अक्कांना बोलावणं आलं. त्यांनी साहेबांना ओवाळायचं होतं आणि पाटीजवळ उभं राहून फोटो काढायचा होता. अक्का नवं लुगडं नेसून, ताट घेऊन गेल्या. जाताना हसल्याही. त्यांना फोटोची हौस होती, कधी कुणी काढलाच नव्हता.

तेवढ्यात पीठ संपलं.

मी ह्यांना म्हटलं, रेशनचं पीठ आहे, ते घ्या. हे आबांकडे गेले. आबा आले, मांडवाकडे बघितलं, साहेब अजून जेवले नव्हते. त्यांनी ह्यांना काहीतरी सांगितलं आणि हे आत जाऊन देवळीतला डबा घेऊन बाहेर आले. मी कणकेचे हात तसेच ठेवून दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, याला हात लावू नका, अक्का येऊ द्या, त्यांना विचारा. आबा इतक्या लोकांत माझ्यावर ओरडले. सुनेनं यात पडायचं नाही म्हणाले. पुढल्या वर्षी सरकार पुन्हा बियाणं देणार आहे, त्या राखेच्या गव्हाचं काय घेऊन बसलात म्हणाले. ह्यांनी मला हातानं बाजूला केलं, राखेतून गहू चाळून पिशवीत भरला, डबा परत देवळीत ठेवला आणि मोटारसायकलवर गिरणीत गेले. पीठ आलं तेव्हा गरम होतं. ते मळलं शेजारणीनं. मी पिठाला हात लावला नाही, तिथंच भिंतीला टेकून बसून राहिले.

त्या बट्ट्या साहेबांच्या पंगतीला गेल्या. मोठ्या साहेबांनी वाटीभर तूप ओतून घेतलं. आपला कृषी सहायक त्यांच्या शेजारी बसलेला, बट्टी हातात धरून हसतोय, कुणीतरी त्याच्याच मोबाईलवर त्याचा फोटो काढतंय. वा वा, असा गहू कुठं मिळत नाही, असं साहेब म्हणाले. आबा म्हणाले, आपल्याच वावरातला आहे साहेब. आणि मांडवात टाळ्या पडल्या.

अक्कांना संध्याकाळी कळलं. भांडी आवरून झाली, मांडववाले गेले, त्या देवापुढं दिवा लावायला देवळीशी गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मना डबा कोनी उघाडा?"

 मग हे म्हणाले, "पीठ कमी पडनं, माय. लोकं उपाशी जातीन का मंग?"

 अक्कांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबा उलटा करून हातावर झटकला. राख पडली. त्या राखेत त्यांनी बोट फिरवून बघितलं, आणि मग ती राख तुळशीत टाकून आल्या.

पुढच्या वर्षीचं सांगायचं तर, अनुदानाच्या सोडतीत आमचं नाव आलंच नाही. कृषी सहायकानं हात वर केले. म्हणाला, मागल्या वर्षी लाभ घेतलाय ना, आता दुसऱ्यांना संधी, आणि सोडत वरून होते, माझ्या हातात काही नाही. दुकानदार म्हणाला, बियाण्याची पिशवी देतो, पण सोबत ही औषधाची बाटली घ्यावीच लागेल. आबांनी मग घरातलाच नवा गहू पेरला. पाऊस आखडता होता, विहीर पौषातच बसली. या गव्हाला पाण्याची सवय. पाणी नाही मिळालं तर तो उभ्या उभ्या वाळून जातो. दाणा असा चिमला की कोंबड्यांनी टिपायलाही नाक मुरडलं. आणि बांधावर पाटी आपली दिमाखात उभी! अक्का वावराच्या मधोमध गेल्या होत्या, नेहमीसारखी ओटी खोचून. खुडायला एक ओंबी मिळाली नाही. रिकाम्या ओटीनं परत आल्या. तेव्हा मी आबांवर जे तोंड सोडलं, ते शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं असेल. आबा खाली मान घालून बसले होते. मला त्यांची दया आली नाही. अजून येत नाही.

मग अक्कांनी बन्सी शोधायला सुरुवात केली. गावात घरोघरी विचारलं. कुणाकडे नव्हता, सगळ्यांनी हळूहळू पिशवीतला गहू धरलेला. उलट लोक म्हणायचे, अक्का, आम्ही तर नडलो की तुमच्याकडूनच बी न्यायचो, तुम्हीच आता आमच्याकडे मागताय? शेवटी त्यांना नणंदेची ओटी आठवली. त्याच गव्हानं भरलेली. मला सोबत घेऊन जळगावला गेल्या, पिंप्राळ्यात नणंदेचं घर आहे, स्टेशनवरून रिक्षा केली. वाटेत मला म्हणाल्या, माझी लेक आहे, एखादा चंबू तरी भरून ठेवला असेल. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

नणंद बिचारी हसली. "अगं आई, ओटीचे गहू कोण ठेवतं? मी तेव्हाच लापशी करून टाकली. इथं फ्लॅटमध्ये पोरकिडे होतात."

अक्का हो म्हणाल्या. चहा घेतला. नातवाच्या हातावर खाऊ ठेवला. येताना गाडीत खिडकीशी बसून दोंडाईचा येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. घरी आल्यावर कोठीचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलं. अनुदानातला फवारणीचा मोडका पंप आता त्या कोठीत असतो.

या दिवाळीच्या आधी तोच कृषी सहायक पुन्हा आला. आता अंगानं भरलाय, लग्न झालंय. ओट्यावर बसला, आबांची चौकशी केली, आणि म्हणाला, "अक्का, आज मी खास तुमच्याकडे आलोय. नवीन योजना आहे. जुने देशी वाण जपायचे. ज्यांच्याकडे जुनं बियाणं आहे त्यांना अनुदान आहे, सत्कारही आहे. मी वरती तुमचंच नाव सांगितलं. म्हटलं, आमच्या अक्कांकडे बन्सी आहे, मी स्वतः बट्टी खाल्लीय. साहेब, अजून चव जिभेवर आहे!"

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी उंबऱ्यातून उठलेच. पण अक्कांनी हात केला, मला थांबवलं. त्याला म्हणाल्या, बस भाऊ, च्या ले. मी चहा केला. मुद्दाम साखर टाकली नाही. त्यानं तो तसाच पिला.

मग अक्का त्याला म्हणाल्या, बन्सी नाही राहिला आता.

त्याचा चेहरा पडला. खराच पडला. मग म्हणाला, "ठीक आहे अक्का, बियाणं मी दुसऱ्या तालुक्यातून कुठून तरी मागवतो. नाव तुमचंच राहू द्या. फक्त प्रस्तावाला जुन्या बियाण्याचा एखादा फोटो लागतो. फोटो तरी आहे का?"

अक्का म्हणाल्या, "शे ना."

"कुठंय?"

"तुना फोनमा शे, भाऊ. तुना हातमा जी बट्टी शे ना, तेच मनं बियानं."

त्यानं खिशातला मोबाईल अर्धा काढला होता. तो तसाच हातात धरून बसून राहिला. आबा ओट्यावरून उठले आणि वावराकडे निघून गेले. अक्कांनी त्याच्यासमोरची कपबशी उचलली आणि घासायला आत नेली.